पहिल्या पानावर व्हिडिओ का नाही? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. मालवणजवळच्या एका घरगुती होमस्टेसाठी मी बनवलेल्या वेबसाईटबद्दल लिहिलं, त्याखालची तुमची सणसणीत प्रतिक्रिया वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: साईट १९९८ सालची वाटते, पहिल्या पानावर ना स्लायडर (आपोआप सरकणारे फोटो) ना व्हिडिओ, पुण्या-मुंबईचे पाहुणे इंग्रजी वाचतात, मग मराठी पानं कशाला, तीही गबाळीच दिसतात, आणि एवढ्याशा कामाचे मालकाकडून पैसे कसले घेतले?

आधी व्हिडिओ. तारकर्लीचा किनारा ड्रोनमधून देखणा दिसतो, वादच नाही. मालकांच्या भाच्याने काढलेला एक व्हिडिओ आमच्याकडे होताही, ३० एमबीचा. ३० एमबी म्हणजे २४० मेगाबिट. नेट २ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिटने, चाललं तर उतरायला २ मिनिटं. तेवढ्या वेळात पाहुणा कुठे असतो? गगनबावडा मागे टाकून गाडी करूळ घाट उतरत असते, जेवायला वाटेत थांबायचं की थेट रूमवर जायचं यावर मागच्या सीटवर वाद चाललेला असतो आणि कोणीतरी घाईघाईने नंबर शोधत असतं. रेल्वेने येणाऱ्यांची तीच गत, बोगद्यात रेंज जाते. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा, आणि कोकण रेल्वेवर बोगद्यांना काय तोटा! तुम्ही साईट पाहिलीत ती बहुधा वायफायवर, मोठ्या स्क्रीनवर. तिथे ती ओकीबोकी वाटणारच.

फोनवर लोक काय विचारतात, हे मी मालकांना काम घेतानाच विचारलं होतं. ते म्हणाले, "गिराइकाक दोनच गोष्टी होये असतत. भाव काय आणि गाडी खंय लावूची." म्हणून माथ्यावर भाव, त्याखाली दाबला की थेट फोन लागेल असा नंबर, मग रस्ता. रस्ता मुद्दाम साध्या वाक्यांत लिहिलाय. नकाशा सरकवायला नेट लागतं. एकदा उघडलेला मजकूर रेंज गेली तरी समोर राहतो. फोटोही आहेतच की. फोनमधून आलेले चार-पाच एमबीचे फोटो १२०० पिक्सेल रुंदीवर आणून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या फॉरमॅटमध्ये साठवले, शे-दीडशे केबीत बसले. प्रत्येकाची रुंदी-उंची कोडमध्ये आधीच दिलीय. ती दिली नाही तर फोटो उशिरा उगवतो, खालचा मजकूर दणकन खाली जातो आणि फोन लावायला गेलेलं बोट भलत्याच बटणावर पडतं.

अक्षरं फिकट राखाडी केली तर पान 'क्लासी' दिसेल, असंही तुम्ही सुचवलंय. भर दुपारी वाळूत उभं राहून फोन वाचून बघा एकदा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) हवा, असं वेबच्या सुलभतेचे नियम सांगतात, ते उगाच नाही.

आता मराठी. हा मुद्दा खरं सांगायचं तर टोचला. मुलगा इंग्रजी वाचेल हो, सोबत आलेल्या आईने काय करायचं? शिवाय भाव बदलायचा असतो मालकांना. स्वतःचं पान त्यांना स्वतःला वाचता यायला नको?

गबाळेपणाचं म्हणाल, तर तो असतो, पण त्यात देवनागरीचा दोष नाही. इंग्रजीसाठी बेतलेली टेम्प्लेट (तयार आराखडा) घ्यायची आणि आत मराठी ओतायची, की झालं. अशा टेम्प्लेटमध्ये शीर्षकाला हमखास लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, दिलेलं असतं. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, 'आमच्याविषयी' या शब्दाची मात्र शिरोरेषाच तुटते आणि अक्षरं सुटी लोंबकळतात. ते शून्य करायचं. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.२ पट ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो, मी १.७ ठेवतो. तिरपी अक्षरं टाळतो, कारण बहुतेक देवनागरी फॉन्टांना खरी तिरपी जात नसते, ब्राउझर आहे तेच अक्षर ओढून वाकडं करतो. शिवाय पानाची भाषा कोडमध्ये 'मराठी' अशी नोंदवायची. फॉन्टमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. दरपत्रक फोटो म्हणून चिकटवण्याची फॅशन तर बंदच व्हायला हवी. सुरमईच्या थाळीचा भाव बदलला की नवा फोटो, आणि अंध माणसाच्या स्क्रीन रीडरला त्यातलं अक्षरही वाचता येत नाही.

राहिले पैसे. फोटो निवडणं, मजकूर लिहिणं, स्वस्तातल्या फोनवर पान तपासणं याचे घेतले. डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, मालकांच्याच नावावर घेतलं, पासवर्ड त्यांच्याकडेच आहेत. आपल्याकडे कितीतरी साईटी बनवणाऱ्याच्या नावावर असतात. त्याने फोन उचलणं सोडलं की वर्षभरात डोमेन जातं, आणि दारावरच्या फलकावर नुसता पत्ता उरतो.

मोठ्या रिसॉर्टला व्हिडिओ हवाच असेल तर जरूर ठेवावा, पण गॅलरीच्या पानावर, आधी फक्त एक चित्र दाखवून, आणि दाबल्याशिवाय एक बाइटही उतरणार नाही असा. तुमची स्वतःची साईट क्रोम ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये वेग ३जी करून उघडा. फोन नंबर दिसायला किती सेकंद लागले, ते इथेच खाली लिहा.