सदस्य जातो, शेड राहतं

आमच्याकडच्या गावांत जमिनीच्या कायद्याचं एकच कलम दणक्यात चालतं. ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम १४, त्यातला खंड ज-३. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलेला माणूस पंचायतीचा सदस्य राहू शकत नाही. निकालाचा गुलाल धुवायच्या आत पडलेल्या उमेदवाराचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात पोचलेला असतो. सोबत फोटो, नमुना आठचा (घरपट्टीच्या नोंदीचा) उतारा, पंचनामा, सगळं तयार. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणात राहून त्याचा फायदा घेणारा सदस्यही अपात्र. तेव्हापासून सासऱ्याचा गोठा अन् दिराचं टिनाचं शेडही कागदावर येऊ लागलं.

आता गंमत बघा. सदस्य अपात्र होतो, फटाके फुटतात, पोटनिवडणूक लागते. अन् शेड? शेड तिथंच. ज्याला खुर्ची पाहिजे होती त्याचं काम झालं, शेडाशी त्याला काय करायचं!

त्याच अधिनियमात कलम ५३ आहे. रस्त्यावरचं अन् सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण काढायचा अधिकार ते थेट पंचायतीला देतं. जमीन महसूल संहितेत कलम ५० आहे, तिथं तोच अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे. म्हणजे कायदा कमी पडतो हे मला मान्य नाही. आपल्याकडे कायदा तक्रारीवर चालतो, अन् तक्रार भांडणावर. भांडण नसेल तर अख्खी पांदण, म्हणजे शेतात जायचा रस्ता, गिळली तरी कोणी विचारत नाही.

पांदणीचंच घ्या. गावनकाशात दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, तो साडेसोळा ते एकवीस फुटांचा धरतात. प्रत्यक्षात? दर उन्हाळ्यात वखरताना दोन्हीकडचं शेत एकेका तासानं, म्हणजे एकेका ओळीनं, रस्त्यात सरकतं. धुरा, म्हणजे बांध, सरकतो, धुऱ्यावरची बोर सरकते. समोरासमोर दोन बंड्या (बैलगाड्या) निघायच्या तिथं आता एक ट्रॅक्टर चाकं चिखलात रुतवून उभा राहतो. सोयाबीन सोंगायच्या दिवसांत पाऊस आला की हार्वेस्टरवाला फोनवरच विचारतो, "रस्ता हाये का?" नसला तर तो येतच नाही. मग मजूर शोधा, गंजी झाका, अन् ओल लागलेल्या मालाला व्यापारी जो भाव देईल तो घ्या. या नुकसानीचा पंचनामा कोणी करत नाही.

तहसीलदाराकडे यासाठी दोन वाटा आहेत. धुऱ्यावरून नवा रस्ता मागायचा तर संहितेचं कलम १४३; आहे तो रस्ता कोणी अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. दोन्ही चांगल्या. पण दोन्हीत शेजाऱ्याला गैरअर्जदार करावं लागतं. ज्याच्या घरी तेरवीला पंगतीत वाढायला जायचं, त्याच्या नावानं नोटीस काढायची. म्हणून लोक चिखल सहन करतात. मला तर यात लोकांचा दोष वाटत नाही. पांदण गावाची आहे, तर अर्जदारही गाव पाहिजे.

ई-क्लासचं, म्हणजे सरकारी गायरानाचं, दुखणं वेगळं आहे. ढोरं चारायची जागा होती, तिच्यावर आज पीकही आहे, झोपडंही आहे अन् रोडला लागून पक्कं दुकानही आहे. हे सगळं एका मापानं मोजायच्या मी विरोधात आहे. भूमिहीन, त्यातही मागासवर्गीय कुटुंबांनी वाहिती केलेल्या जमिनी नियमानुकूल करायचा निर्णय शासनानंच घेतला होता, १४ एप्रिल १९९० ही तारीख धरून. त्यातल्या कितीतरी घरांच्या हातात अजून पट्टा नाही. जागा नावावर नाही म्हणून त्यांचं घरकुल अडतं. अन् वरून कुठला आदेश आला की पहिली नोटीस याच घरांवर चिकटते, कारण तिथं नोटीस चिकटवायला हिंमत लागत नाही. दुकानवाल्याला मात्र ग्रामपंचायत कर लावते, पावती देते, वीज मंडळ मीटर देतं. दहा वर्षांनी तीच पावती तो मालकीचा पुरावा म्हणून दाखवतो.

(शेताचे प्लॉट पाडून विकणाऱ्या लेआउटवाल्यांवर वेगळी पोस्ट लागेल. इतकंच सांगतो: अकृषक न करता, लहान तुकडे विकायला मनाई करणारी तुकडेबंदी असताना, नोटरीच्या कागदावर गुंठा घेऊ नका बाप्पा. विकणारा निघून जातो. नाली अन् रस्ता मागायला तुम्ही पंचायतीच्या दारात, अन् पंचायत म्हणते हे आमच्या नकाशातच नाही.)

माझं मागणं लहान आहे. पटवाऱ्याकडे गाव नमुना १-ई असतो, अतिक्रमणाची नोंदवही. ती ग्रामसभेत वाचून दाखवा. कोणाची जागा, किती, कधीपासून. सरपंच, सदस्य, सोसायटीचे संचालक, पोलीस पाटील, यांची नावं असली तर आधी ती वाचा. मग पंचायतीनं ठराव करून सगळ्या पांदणींची अन् ई-क्लासची मोजणी भूमी अभिलेखकडे एकदमच मागावी. एकाच्या तक्रारीवरून एकाच धुऱ्याची नको. सगळ्यांचे धुरे एकाच वेळी मोजले तर कोणाला सुडाचा वास येणार नाही. खुणेचे दगड रोवा, अन् शेतरस्त्याची नोंद दोन्हीकडच्या सातबाऱ्यांत 'इतर हक्क' रकान्यात करून घ्या. नाहीतर दोन पावसाळ्यांत दगड पुन्हा सरकतो.

"पैसे कुठून आणायचे?" असं एका काकांनी मला परवा विचारलं. काका, मंदिरासमोर चांगले पेव्हर ब्लॉक उखडून नवे बसवले, ते पैसे जिथून आले तिथून.

एक व्यवहाराची गोष्ट. मोजणीदाराला रिकामं शेत लागतं. उलंगवाडी, म्हणजे कपाशीचा शेवटचा वेचा, झाली की मृग लागेपर्यंतचेच दिवस हाती असतात, अन् मोजणीचा नंबर लागायलाच वेळ जातो. म्हणजे ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत व्हायला पाहिजे. १ मेची वाट पाहिली तर मोजणीदार येईल तेव्हा शेतात तूर अन् कपाशी उगवलेली असेल, अन् त्याला आत पाय कोणीच ठेवू देणार नाही.