व्याघ्रगडावरून काहीही न बघता परत कसं यावं?

वासोट्याला जायचं ठरलंय ना? उत्तम. शिवाजी महाराजांनी या गडाला व्याघ्रगड नाव दिलं, त्यामुळे निदान एक वाघ तरी बोट सुटते त्या बामणोलीच्या धक्क्यावर तुमची वाट बघत उभा असेल, असं गृहीत धरूनच स्वारगेटहून रात्रीच्या गाडीत बसा. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. क्षेत्र अकराशे चौरस किलोमीटरच्या वर, वाघ हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. पण आकडेमोडीत कशाला शिरताय? फी भरलीये म्हटल्यावर वाघ दिसलाच पाहिजे.

टी-शर्ट पोपटी घ्या, तोही असा की कड्याखालच्या कोकणातल्या धनेश पक्ष्यालाही लख्ख दिसावा. बॉडी स्प्रे सढळ हाताने मारा. अस्वलाची नजर अधू असते, पण नाक भलतंच तिखट. पाहुणे आलेत हे त्या बिचाऱ्याला वेळेवर कळायला नको?

मग कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून तास-दीड तासाचा बोटीचा प्रवास. या पाण्याखाली गावं गेली. अभयारण्यासाठीही वस्त्या उठल्या. पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांनी घरं सोडली आणि जनावरांसाठी रान निवांत केलं. या निवांतपणाचं करायचं काय, असा प्रश्न पडला तर सॅकच्या बाजूच्या खिशात स्पीकर असतोच. आवाज पाण्यावरून फार छान पसरतो.

वनखात्याची माणसं प्लास्टिकच्या बाटल्या मोजतात आणि अनामत ठेवून घेतात. इथे जरा हुज्जत घालाच. 'आम्ही शिकलेली माणसं आहोत' हे वाक्य आवाज चढवून म्हणायचं. नंतर शब्दाला जागून बाटल्या मोजून परत आणायच्या. चिक्कीचे कागद, वेफर्सच्या पुड्यांचे फाडलेले कोपरे आणि ओले वाइप्स यांना अनामत नसते. ते कारवीच्या झुडपांत खोचले तरी चालतात.

चढ सुरू झाला की घोषणा. पाचोळा न वाजवता मोहिमा फत्ते करणाऱ्या राजाच्या नावाने आपण इतकं ओरडायचं, की निम्म्या जावळीला आपला ठावठिकाणा कळला पाहिजे. गनिमी कावा त्यांना परवडत होता, त्यांना रील टाकायचं नव्हतं.

आता सांभाळा, कारण खरा धोका इथेच आहे. चुकून काहीतरी दिसू शकतं. वरच्या फांद्यांतून एखादा लाकडी खुळखुळा जोरात हलवावा तशी खडखड येईल. वर बघू नका! बघितलंत तर फांदीला पोट चिकटवून बसलेला शेकरू दिसेल, तांबूस-तपकिरी अंगाचा, झुपकेदार शेपूट खाली सोडलेला. महाराष्ट्राचा राज्यप्राणी तो. तुम्ही दोन मिनिटं गप्प उभे राहिलात, तर तो हळूच डोकं काढेल, मग शेजारच्या झाडावर अशी झेप घेईल की पुढचा तासभर तुम्ही मान वर करूनच चालाल. ग्रुप मागे पडेल, लीडर वैतागेल. त्यापेक्षा शिट्टी मारा, प्रश्नच मिटला.

बरोबर आलेला गावचा दादा वाटेत मध्येच थांबेल. "ह्ये गव्याचं श्याण बघा. सकाळचंच हाय." म्हणजे टनभर वजनाचं, पायात पांढरे मोजे घातल्यासारखं दिसणारं ते धूड काही तासांपूर्वी याच वाटेने गेलंय. कदाचित आत्ताही पन्नास पावलांवर कारवीत उभं राहून तुमच्याकडेच बघत असेल. अशा वेळी त्याला विचारायचा प्रश्न एकच: "दादा, रेंज कुठे येते?"

झाडाला बांधलेला कॅमेरा दिसला की सगळ्यांनी समोर उभं राहून विजयाची दोन बोटं दाखवा. बिबट्याच्या फोटोंची वाट बघत बसलेल्या संशोधकाला तेवढाच विरंगुळा.

गडावर बिनछपराचा मारुती, पाण्याची टाकी, महादेवाचं देऊळ. हे सगळं पोहे खायच्या आधी पाच मिनिटांत उरकतं. बाबुकड्याच्या टोकावर मात्र वेळ काढा. खाली कोकण आहे, पण तिकडे पाठ करून उभं राहायचं, नाहीतर चेहरा फोटोत कसा येणार? माकडांना वेफर्स द्या. ती पुढच्या ग्रुपची सॅक आपली आपण उघडतील, त्यांचं कौशल्य वाढेल. शिवकाळात इथे कैदी ठेवत. राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजालाही इथेच कोंडलं होतं. शिक्षेत काही उणीव राहिली असेल तर एकच, त्या काळी ब्लूटूथ नव्हतं.

गडावर मुक्कामाला बंदी आहे, संध्याकाळपर्यंत खाली उतरावं लागतं. हा तुमच्यावर घोर अन्याय. प्राणी बाहेर पडायच्या वेळेला माणसांना हाकलायचं, हा कुठला न्याय?

घरी पोचलात की गरम पाण्यात पाय सोडून परीक्षण लिहा: 'जागा बरी, पण प्राणी अजिबात नाहीत. वनखातं झोपलंय. एक तारा.' खाली दोन सूचना जोडा. बामणोलीहून थेट रोपवे हवा, आणि शनिवार-रविवारी किमान दोन शेकरू पायथ्याशी हजर राहतील अशी ड्युटी लावावी. गव्याला मात्र वरच ठेवा, पार्किंगमध्ये त्याची अडचण होईल.