खाऱ्या वाऱ्याच्या नावावर काय काय खपवणार?

“खारो वारो असा वैनी, हयसर काँक्रीट टिकाचा नाय.” मिस्त्री-कंत्राटदारांकडून हे ऐकून ऐकून माझं डोकं फिरलंय. घरापुढच्या काँक्रीटच्या खळ्याला, म्हणजे अंगणाला, भेगा पडल्या, खारा वारा. पोपडे निघाले, खारा वारा. गंजाचे तांबडे ओघळ आले, तरी खारा वारा. वारा उलटून बोलत नाही ना, मग घाला सगळं त्याच्या माथी!

अहो, समुद्र काय काल आलाय का इथे? वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंत किनाऱ्याला लागून वाड्या आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांची घरं आहेत. बंदरांचे काँक्रीटचे धक्के भरती-ओहोटीत रोज भिजतात आणि सुकतात. मुंबईत मरीन ड्राइव्हचा काँक्रीटचा रस्ता समुद्राच्या काठावर कित्येक दशकं टिकला. तिथला वारा काय गोडा आहे? मग आमच्याच वाडीतल्या खळ्यांचं दुसऱ्या पावसाळ्यात भुसकट का होतं? कारण ती ओततानाच वाया घालवलेली असतात.

सगळ्यात मोठी चीड पाण्याची. किनाऱ्यावरच्या हवेतलं काँक्रीट कसं असावं हे ठरवायला कुणी नव्याने शोध लावायचा नाही, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात ते सन २००० पासून छापलेलं आहे. किनारपट्टीचं वातावरण त्यात ‘सीव्हिअर’ म्हणजे तीव्र गटात मोडतं. बिनसळईचं काँक्रीट असेल तर पाणी सिमेंटच्या निम्म्या वजनाच्या वर जाऊ द्यायचं नाही, सळई असेल तर ०.४५ च्या वर नाही. म्हणजे ५० किलोच्या गोणीला फार तर २५ लिटर, सळईवालं असेल तर साडेबावीस, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी यातूनच वजा करायचं. आमच्याकडे मोजमाप कशाने? रंगाच्या रिकाम्या २० लिटरच्या डब्याने. गोणीला दोन डबे! वर पुन्हा माल ‘सुका’ वाटला की पाइप थेट मिक्सरच्या तोंडात. का, तर माल फावड्याने ओढायला सोपा जातो, आपोआप पसरतो, लवकर सपाट होतो. तुमचे दोन तास वाचतात आणि आमची वीस वर्षं जातात.

सिमेंटला लागतं त्यापेक्षा जास्तीचं पाणी कुठे जातं? उडून जातं, आणि जाताना काँक्रीटमध्ये बारीक बारीक वाटा ठेवून जातं. त्याच वाटांनी मग पावसाचं पाणी आणि मीठ आत शिरतं. वाऱ्याला दार तुम्ही उघडून दिलंत! माल मऊ हवा असेल तर प्लास्टिसायझर नावाची वस्तू तालुक्याच्या दुकानात मिळते, गोणीमागे पाव लिटरच्या आसपास पुरतं, डब्यावर प्रमाण छापलेलं असतं. ते घालायला सांगितलं तर मिस्त्री असा बघतो जसं काही मी त्याला विष कालवायला सांगतेय. “इतकी वर्षं आम्ही असंच करतो.” हो, आणि इतकी वर्षं ते असंच फुटतंय!

प्रमाणाचीही तीच गत. बोलताना ‘एम-२०’ (ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत, आकडा मोठा तितकी ताकद जास्त), बिलावर ‘एम-२०’, आणि उभं राहून घमेली मोजली तर सिमेंट, वाळू, खडी १:२:४. एम-२० चं साधं प्रमाण १:१.५:३ असतं हो, १:२:४ म्हणजे एम-१५ च्या आसपासचा माल. आणि सळई घातलेल्या काँक्रीटला या हवेत निदान एम-३० लागतं, ते तर घमेल्याच्या हिशेबाने करायचंच नसतं, त्याचं रीतसर डिझाइन मिक्स, म्हणजे चाचणी करून ठरवलेलं प्रमाण, करून घ्यावं लागतं. मग खळ्यात सळई घालायचा हट्ट कुणाचा होता? आमचा नव्हता!

सळईबद्दल मला नीट बोलायचंच आहे. जिथे माणसं चालणार, फार तर स्कूटर उभी राहणार, वाळवण पडणार, त्या जमिनीवरच्या चार इंची काँक्रीटला सळईची गरजच काय? खालचा भराव नीट ठोकलेला असेल आणि काँक्रीटला आकसायला जोड (ठरावीक अंतरावरच्या चिरा) वेळच्या वेळी कापले असतील तर बिनसळईचं खळं उत्तम राहतं. ज्यात लोखंडच नाही ते गंजणार कसं? पण नाही. “मजबूत करून देतो” म्हणायचं, आठ एमएमची जाळी मुरमावर आडवी टाकायची आणि तिच्यावर माल ओतायचा. जाळी उचलून धरणारे कव्हर ब्लॉक कुठे आहेत विचारलं की, “ओतताना आकड्याने वर ओढून घेतो.” एकाने तरी ओढली का? ओढली तरी मागून पाय देत चालणारी माणसं तिला पुन्हा खाली दाबतात. या हवेत सळईच्या बाहेर ४५ मिलिमीटर काँक्रीट असायला हवं. आमच्या जाळीचा काही भाग तर थेट मातीला टेकलेला होता. खाली टेकलेली जाळी भेग आवरायला काहीही मदत करत नाही, तिचा उपयोग एकच, गंजायचं. चांगल्या काँक्रीटमध्ये लोखंडाला अल्कलीचं संरक्षण असतं, मीठ पोचलं की ते तुटतं. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो, जागा मिळाली नाही की वरचं काँक्रीट फोडतो. तांबडे ओघळ दिसतात तोवर आतलं काम तमाम झालेलं असतं. आमच्याकडून लोखंडाचे पैसे घेऊन आमचंच खळं फोडायची सोय केली या लोकांनी!

आणि मुहूर्त कुठला? मे महिना. सगळ्या किनाऱ्यावर सगळ्यांना काँक्रीट मे महिन्यातच ओतायचं असतं, मृग लागायच्या आत. तेव्हाच विहिरी तळाला गेलेल्या, पाणी मचूळ झालेलं. तेच मचूळ पाणी मालात. सळईच्या काँक्रीटला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड (मिठातला घटक) असलेलं पाणी चालत नाही. ते तपासायची तर गोष्टच सोडा, जिभेवर खारट लागतंय हेही कुणाला दिसत नाही. वाळू खाडीची, “धुतलेली आहे” या तोंडी हमीवर. कशाने धुतली, खाडीच्याच पाण्याने? मग वर्षभरात जोत्याला मिठाचा लोणा फुटतो, पांढरी बुरशी आली म्हणून बायका ब्रशने घासत बसतात आणि ती पुन्हा पुन्हा येते.

ओतायची वेळ दुपारची. वर रणरणतं ऊन, समुद्रावरून सुटलेला वारा, आणि उघडं पडलेलं ओलं काँक्रीट. संध्याकाळपर्यंत वर केसासारख्या भेगांचं जाळं. पहाटे सुरू करा म्हटलं तर माणसं येत नाहीत, ओतून झाल्यावर प्लास्टिक टाका म्हटलं तर प्लास्टिक आणलेलं नसतं. मग पाणी मारायचं. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं सिमेंट) किंवा स्लॅगच्या (पोलादभट्टीची मळी मिसळलेल्या) सिमेंटला दहा ते चौदा. हल्ली दुकानात बहुतेक पीपीसीच मिळतं, म्हणजे दोन आठवडे धरूनच चाला. मिस्त्री दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात. जाताना काय सांगून गेला माहितीये? “विहिरीला पाणी कमी असेल तर समुद्राचं मारा, पाणी ते पाणी.” सळईच्या काँक्रीटवर समुद्राचं पाणी! मी टँकर मागवला, गोणपाटं भिजवून पसरली, कडेने मातीचे वाफे बांधले. ते काम मी केलं, आणि आता भेगा दाखवल्या की उलट मलाच विचारतात, “पाणी बरोबर मारलात ना?”

वरच्या थराचं तर बोलायलाच नको. मालावर पाणी तरंगत होतं, कारण घातलंच होतं दुप्पट. ते सुकेपर्यंत थांबायचं सोडून त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरवलं आणि थापीने घोटून आरशासारखं केलं. बघणाऱ्याला वाटतं काय सुंदर काम! तीच साय पहिल्या पावसानंतर सुटायला लागली. वर्षभर झाडू मारला की सिमेंटची भुकटी निघते. त्या खळ्यावर मे महिन्यात आमसुलं सुकवायची असतात! कोकमाचा आंबट रस सांडला की सिमेंट खातो तो वेगळाच, आणि वरचा थर असा कच्चा असेल तर डाग पडून तिथे खड्डाच पडतो. पावसाळ्यात त्या गुळगुळीतावर शेवाळ धरलं आणि सासूबाई तुळशीला पाणी घालायला जाताना आपटल्या. मनगटाला प्लास्टर. ओल्यावर खराट्याने आडव्या रेघा मारायला एक रुपया जास्त लागत नाही. मी खराटा हातात आणून दिला होता. “वैनी, फिनिशिंग खराब दिसतं.” तुमच्या फिनिशिंगपायी घरातल्या म्हाताऱ्या माणसाने मनगट मोडून घ्यायचं?

जोडांची तर त्यांना कल्पनाच नाही. चार इंची काँक्रीटला आठ-दहा फुटांवर जोड हवा, दुसऱ्या दिवशी कटरने एक इंच खोल चीर मारली की काम होतं. काँक्रीट आकसणारच, त्याला कुठे फुटायचं ते तुम्ही सांगा, नाहीतर ते स्वतः ठरवतं. आमचं सबंध खळं एकसंध ओतलं, जोत्याला घट्ट भिडवून, तुळशीवृंदावनाला घट्ट भिडवून. वृंदावनाच्या चारही कोपऱ्यांतून चार भेगा निघाल्या आहेत. मधे अर्धा इंच थर्माकोलची पट्टी ठेवायची होती, बस! मांडवाच्या खांबांसाठी पाइपचे तुकडे बसवायचेही विसरले. दिवाळीनंतर मांडव घालायला त्याच काँक्रीटला भोकं पाडली आणि पाणी मुरायला नवी जागा झाली.

उतार? उतार घराकडे! वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो इथे. वीस फुटांना तीन इंच ढाळ बाहेरच्या बाजूला द्यायचा, पाणसळ लावून बघायचं. पागोळ्यांचं पाणी आता पडवीच्या पायरीशी तुंबतं.

आणि हे माझ्या एकटीचं असतं तर गिळून गप्प बसले असते. वाडीतली अर्धी घरं चाकरमान्यांची. ते मुंबईत, काम इथे. स्क्वेअर फुटावर भाव ठरतो, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ जातो, घोटून चकचकीत केलेलं खळं बघून तिकडून पैसे येतात. गणपतीला येऊन बघतात तर काँक्रीट पोकळ वाजतंय. आयुष्यभर चाळीत, लोकलच्या गर्दीत काढून निवृत्तीनंतर गावी राहायचं म्हणून पै पै जोडलेली माणसं आहेत ही. त्यांना खाऱ्या वाऱ्याचं कारण सांगून परत पाठवताना लाज कशी वाटत नाही? चार इंच जाडीचे पैसे घेतलेलं काँक्रीट फुटल्यावर बाजूने मोजलं तर मधे अडीच इंच भरतं. ती दीड इंच पण वाऱ्याने नेली का?

आता कंत्राटदाराचा नवा प्रस्ताव आहे, “वरून टाइल्स मारून टाकू, काही दिसणार नाही.” दिसणार नाही! खाली जाळी गंजतच राहणार, काँक्रीट उचलतच राहणार, आणि दोन वर्षांत टाइल्स पोकळ होऊन सुटणार, ते पैसे पुन्हा माझे. आणि पावसात चकचकीत टाइल्सवर कोण चालणार?

नकोत टाइल्स. हे फोडा, जाळी उचलून न्या. भराव पाणी मारून थराथराने ठोका, चार इंच म्हणजे चार इंच घाला, बिनसळईचं, गोड्या पाण्याचं, मोजून २५ लिटरचं. ढाळ बाहेर, जोड कापलेले, तुळशीभोवती पट्टी, वर खराट्याच्या रेघा. हे सगळं कागदावर लिहून खाली सही करा. तोवर शेवटचा हप्ता मिळणार नाही, मग तुम्ही रोज दारात येऊन बसलात तरी.