खुलासा: पाणी तुंबवलं की मॉस फोफावतंच, असं नाही

‘पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या) दलदलीत पाणी जितकं जास्त, तितकं स्फॅग्नम मॉसचं (तिथे वाढणाऱ्या शेवाळासारख्या छोट्या वनस्पतीचं) प्रजनन जोरात’ हा फिरणारा दावा अर्धाच खरा आहे. फलनाला पाणी लागतंच. नर पेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत जातात, तेही जेमतेम काही सेंटिमीटर. पुढे मात्र बीजाणुकोशाला, म्हणजे बीजाणू (नवं रोप देणारे सूक्ष्म कण) तयार होतात त्या पिशवीला, ओल हवी, बुडी नव्हे. पिकलेला कोश उन्हात सुकून आक्रसतो, ताण वाढून झाकण उडतं आणि बीजाणू १० ते २० सेंटिमीटर उंच फेकले जातात. पाण्याखाली हे घडणार कसं? उलट, उन्हाळ्यात पातळी फार खाली गेली तर कोश पिकण्याआधीच वाळतात, कारण मॉसला खोलवरचं पाणी ओढायला मुळंच नसतात. मॉसचे तुकडे पसरून लागवड करतानाही पाणी पृष्ठभागालगत, पण किंचित खालीच ठेवावं आणि वर पेंढा अंथरावा. पाणी चढलं तर तुकडे तरंगत वाहून जातात.