साइड कॅरेक्टरवर जीव जडलाय? मग हे सल्ले खास तुमच्यासाठी

गेममधल्या एखाद्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या, दहा वाक्यं बोलून गप्प होणाऱ्या, त्यात परत डोंगरातल्या टोळीतल्या माणसावर तुमचा जीव जडला असेल तर सगळ्यात पहिलं म्हणजे हे कोणाला सांगू नका. मी सांगितलं. मावसभाऊ गणपतीला मुंबईहून गावी आलेला, बाहेर पाऊस धरून बसलेला, आरती जेवण सगळं आटोपलेलं, म्हटलं चल तुला एक माणूस दाखवतो. 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' लावला, बरोबर त्या जागेवर नेऊन उभा केला, म्हटलं आता नीट ऐक हा काय बोलतोय. साहेबांनी कंट्रोलर घेतला आणि स्किप, स्किप, स्किप. "अरे दादा, हा फक्त एजंट होतो, पार्टीत येत नाही, ऐकून काय करायचंय?" आणि वर माझ्याच ताटलीतला मोदक उचलून खाल्ला.

शहाणा आहे तो. तुम्हीही तसेच व्हा, म्हणून हे सल्ले.

ज्यांनी खेळला नाहीये त्यांच्यासाठी दोन ओळी. 2014 चा गेम. पार्टी म्हणजे तुमच्याबरोबर चालणारे, लढणारे, वाटेत बोलणारे सोबती, तुम्ही धरून चौघं; एजंट म्हणजे नुसतं यादीतलं नाव. आभाळ फाटलंय, जागोजागी भोकं पडून त्यातून भुतं खाली येतायत, आणि ती भोकं फक्त तुम्हालाच बुजवता येतात. फॅलो मायर म्हणून एक दलदल आहे, तिथे कायम पाऊस, पाण्यात पाय पडला की खालून मढी उठतात. (जुलैत आमच्या खालच्या आळीत फक्त मढी तेवढी नसतात.) तिथे अव्वार नावाच्या डोंगरी टोळीच्या सरदाराच्या मुलाने तुमचे सैनिक पकडून ठेवलेत, का तर तुम्ही यावं आणि त्याच्याशी लढावं, म्हणजे कोणाचा देव मोठा ते ठरेल. ह्या सगळ्या गोंधळात त्याच टोळीतला एक माणूस, स्काय वॉचर, आभाळाच्या त्या भोकाजवळ एकटा उभा आहे. मारामारीशी त्याला देणंघेणं नाही. आपल्या आभाळाच्या देवीला ही जखम कशाने झाली आणि ती बरी होईल का, एवढीच त्याला काळजी. अख्ख्या गेममध्ये सगळे आपापलं राजकारण करत असताना हा एकटा वर बघतोय. आता आम्ही समुद्राकाठची माणसं, आमच्याकडे आभाळ बघून आज होडी घालायची की नाही सांगणारी म्हातारी अजून आहेत, आम्हाला असला माणूस आवडणार नाही तर कोणाला.

तर सल्ला. असा माणूस दिसला की लगेच जवळचं भोक बुजवा, त्याला "येतोस का आमच्यात" विचारा, तो हो म्हणेल, आणि मग तो कायमचा गायब होईल. म्हणजे त्याचं नाव एजंटांच्या यादीत जाईल. आनंद माना. तुम्ही नकाशाच्या टेबलावर तीन सल्लागारांना कामं वाटत बसाल, तेव्हा ह्या यादीमुळे कामांचा वेळ थोडा कमी होतो म्हणे. ती कामं खऱ्या घड्याळावर चालतात, लाईट गेली तरी चालू राहतात, कोकणात बसून खेळणाऱ्याला एवढाच काय तो दिलासा.

यादीला नावं ठेवू नका. मानाची यादी आहे ती. पुढे 2015 मध्ये 'जॉज ऑफ हॅकॉन' नावाचा जोड भाग आला, सगळाच्या सगळा अव्वार लोकांवर, त्यात त्यांच्या गावाने पाळलेलं स्टॉर्व्हॅकर नावाचं अस्वल आहे. ते अस्वल सोडवून आणलंत, गावाचा विश्वास कमावलात, की तेही तुमच्यात येतं. कुठे? त्याच यादीत! म्हणजे आभाळाचे संकेत वाचणारा माणूस आणि अस्वल, दोघांना दर्जा सेम. समानता म्हणतात ती हीच.

दुसरा रस्ता मॉडचा, म्हणजे खेळणाऱ्याने स्वतःच गेममध्ये केलेल्या बदलाचा. स्वतः मॉड करा आणि घ्या त्याला पार्टीत. सोप्पंय. ह्याच मालिकेच्या 2009 च्या पहिल्या गेमला बनवणाऱ्यांनीच त्यासाठी टूलसेट दिला होता, ह्याला दिला नाही, पण तुम्हाला काय, तुम्ही मोकळेच असता ना.

नाहीतर वाट बघा. हार्डिंग बघा, ह्याच गेममध्ये 2014 साली नुसती नव्या जागेची माहिती देणारी स्काउट होती, लोकांनी एवढं डोक्यावर घेतलं की मालिकेतल्या 2024 च्या 'व्हेलगार्ड'मध्ये पार्टीत आली. फक्त दहा वर्षं! किंवा 'बाल्डर्स गेट 3' ह्या दुसऱ्या गेममधला हॅल्सिन, 2020 च्या अर्ली ॲक्सेसमध्ये (अर्धवट गेम आधीच खेळायला देतात ते) साधा बाजूचा माणूस, लोक मागेच लागले, 2023 मध्ये गेम पूर्ण आला तेव्हा पठ्ठ्या सोबती. म्हणजे होतं, मागणी लावून धरली की होतं. फक्त एक छोटी अट दिसते मला, तुमचं पात्र गोड तरी पाहिजे नाहीतर पिळदार तरी पाहिजे. देवीच्या जखमेची काळजी करणारा रानातला माणूस कुठल्या खात्यात बसवणार?

तोपर्यंत देवाला गाऱ्हाणं घाला. मी घातलंय. "बा देवा म्हाराजा, तो आभाळ बघणारो यादीत पडान रवलो हा, तेका भायर काड आणि पार्टीत चौथो कर. व्हय म्हाराजा! आणि जो कोण मधीच स्किप दाबता तेचो कंट्रोलर दर्यात बुडव. व्हय म्हाराजा!"

आणि हो, मिळालेत त्या नऊ सोबत्यांवर समाधान मानायला शिका. कसांड्रा आहे, धर्माची कडक बाई. व्हिव्हिएन आहे, दरबारातली जादूगारीण, चिखलात आली की नाक मुरडते. डोरियन आहे, परदेशी खानदानी घराण्यातला. सोलास आहे, ज्याला वाटतं आत्मे आणि स्वप्नांचं जग ह्या सगळ्यांत फक्त आपल्यालाच कळतं. आता जरा विचार करा, ह्या लोकांबरोबर तो स्काय वॉचर चालला असता तर वाटेत काय बोलणं झालं असतं. अव्वार लोक ज्यांना देव म्हणतात ते आत्मेच असतात, त्यांच्याकडे जादू शिकणाऱ्या पोराला आत्माच शिकवतो आणि शिकवून झालं की रीतसर निरोप घेतो, हे सगळं त्याच जोड भागात लिहून ठेवलंय. व्हिव्हिएनच्या शाळेत असल्या पोराला कोंडून ठेवतात. म्हणजे तिने आयुष्यभर ज्याला धोका म्हटलं ते ह्याच्या गावात घरोघर चाललेलं. सोलासला तर पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं असतं की बाबा तू एकटाच नाहीस, आमच्या आजीलाही माहितीये हे. आणि कसांड्रा, जिच्यासाठी आभाळ फाटणं म्हणजे तिच्या देवाचा प्रश्न, तिच्यासमोर हा म्हणणार की आभाळ आमच्या देवीचं आहे. एका चालण्यात अख्खा गेम उलटापालटा झाला असता! सगळं साहित्य ओट्यावर मांडून ठेवलेलं होतं आणि चूल पेटवायचा कंटाळा केला ह्यांनी.

उलट काय लक्षात राहिलं लोकांच्या? त्या सरदाराने तुमच्या किल्ल्यावर बकरी फेकून मारली ते. मुलगा मेला म्हणून रिवाज पाळायला हवा, म्हणून बकरी. मुलगा मूर्ख होता हे तो स्वतःच सांगतो, सीन भारी आहे, मीही हसलो. पण म्हणजे टोळीतला माणूस हसायला हवा, लढून मरायला हवा, यादीत भरायला हवा, फक्त शेजारी चालायला आणि आपलं मत द्यायला नको.

बास झाले सल्ले.

मला सगळ्यात जास्त डोक्यात जातं ते "अरे, तो नुसता फ्लेवरला आहे" हे वाक्य. फ्लेवर काय फ्लेवर? खाली रायगडाकडे ट्रेकला जाता ना तुम्ही, पावसाळ्यात, वीस जणांचा ग्रुप करून, सगळ्यांना सेम टी-शर्ट, वाट सापडत नाही म्हणून कातकरी वाडीतला पोरगा बरोबर घेता, तो अनवाणी पुढे, कुठल्या दगडावर शेवाळ आहे, कुठल्या ओढ्याला तासाभरात पाणी चढेल, सगळं त्याला ठाऊक, त्याच्या जिवावर तुम्ही वर पोचता. आणि वर पोचल्यावर ग्रुप फोटोत तो कुठे असतो? फोनच्या मागे. फोटो काढायला त्यालाच उभा करता. मग स्टोरी टाकता, सगळ्यांना टॅग करता, त्याचं नावसुद्धा विचारलेलं नसतं. ही सवय तुमची आहे, ती गेममध्ये येणारच, बनवणारे काय आकाशातून पडलेत का, तुम्हाला चालतं म्हणून त्यांना चालतं.

आणि बनवणाऱ्यांनो, तुम्हाला एवढंच, असा माणूस लिहायला जमतो तुम्हाला, आवाज देता, देव देता, दुःख देता, आणि आम्ही पान मांडून बसलो की पान ओढून नेता. त्याला पूर्ण घ्यायचा नसेल तर दाखवूच नका, चार सैनिक उभे करा त्या दलदलीत, आम्ही मारतो त्यांना आणि जातो पुढे. पण एकदा दाखवलात तर पार्टीत घ्या, त्याला बोलू द्या, आणि बाकीच्या नऊ जणांशी भांडू द्या त्याला.