‘अकरा महिन्यांच्या करारासाठी नोटरी पुरते’ हे खरे नाही

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत नोकरीला येऊन सांगलीच्या विश्रामबागेत खोली शोधणाऱ्यांना हमखास ऐकवले जाते : करार अकरा महिन्यांचा, मग नोटरी पुरे. हे चूक आहे.

समजाचे मूळ 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. त्यात एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची आहे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे कलम 55 मुदत पाहतच नाही. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. जबाबदारी घरमालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मालकांनो, हे नीट वाचा.

खर्चाची भीतीही अनाठायी. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के : एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या अनामतीच्या वार्षिक 10 टक्के व्याजावर. भाडे 8,000, अनामत 20,000 असेल तर अकरा महिन्यांचे 88,000 अधिक व्याजाचे 1,833. शुल्क साधारण 225 रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000, ग्रामीण भागात 500. ऑनलाइन नोंदणीला आधार व अंगठा लागतो. बोटांचे ठसे पुसट असले की काम अडू शकते.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे वेगळे. त्याने करार नोंदला जात नाही.