चार चाकांचं बाळंतपण

भाच्याने ती गाडी आमच्या खळ्यात आणून उभी केली तेव्हा "मामा, दोनच महिने" असं म्हणाला होता. त्याला आता तीन पावसाळे होऊन गेले.

गाडी म्हणजे एटीव्ही. किनाऱ्यावर पर्यटकांना गरागरा फिरवून आणतात ना, ती. चार गलेलठ्ठ टायर, वर मोटरसायकलचं हँडल, मध्ये 110 सीसीचं इंजिन आणि आवाज मात्र दळणाच्या गिरणीचा. आईने चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि विचारलं, "शिंच्या, हा बेडूक कुणी आणून सोडलान् इथे?"

हर्णै-मुरूडच्या पट्ट्यात वाळूवर फेऱ्या मारून वर्षात पैसे वसूल, असा भाच्याचा हिशेब होता. पण आंजर्ल्यापासून वेळासपर्यंत याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि अशी चाकं घरट्यांवरून गेली की व्हायचं ते नुकसान होतंच. नोटीस आली, धंदा बसला, भाचा ठाण्याला नोकरीला गेला. गाडी राहिली. (कासवांची बाजू मला पटते. कासवं निदान अंडी घालून निघून तरी जातात.)

मग मीच शक्कल लढवली. आमची वाडी घरापासून खाली, बैलगाडीच्या जुन्या वाटेवर. आंब्याचे क्रेट, नारळ, शेणखत, सगळी ने-आण माझ्या पाठीवर. म्हटलं, बेडूक तर बेडूक, ओझी वाहील. अडचण एकच होती. या गाडीला नंबर मिळत नाही, म्हणजे ती डांबरी रस्त्यावर काढता येत नाही, म्हणजे दुरुस्तीला दापोलीला न्यायची तर टेम्पोत घालून. टेम्पोवाल्याने भाडं सांगितलं आणि मी त्याच दिवशी घरच्या घरी मेकॅनिक झालो.

गाडीबरोबर एक पुस्तिका होती. भाषा इंग्रजीच, पण चीनमधून चालत आलेली असावी. वाटेत बरीचशी क्रियापदं गळून पडलेली. निगा किलोमीटरवर नव्हती, तासांवर होती. इतके तास चालली की तेल बदला, तितके तास चालली की फिल्टर धुवा. आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: धूळ, चिखल, पाणी किंवा खारी हवा असल्यास अवधी निम्मा करावा. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. धूळ मेमध्ये, चिखल जूनपासून, पाऊस वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात आणि खारी हवा माझ्या जन्माच्याही आधीपासून. चारही गोष्टींसाठी निम्म्याचं निम्मं करत गेलो, तर गाडी चालवायला वेळच उरेना.

सुरुवात आंघोळीपासून झाली. पाजपंढरीचा एक तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा म्होरक्या, आमच्याकडे नारळ न्यायला येतो. त्याने गाडीच्या बुडाखाली बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि म्हणाला, "मीठ हाय काका. आमी बंदराला लागलो की मशिन पहिलं गोड्या पाण्याने धुतो. जेवायचं मागून." मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्या ओलीत स्वतः विरघळतं आणि लोखंडाला चावत बसतं. वरून गाडी कोरडी ठणठणीत दिसते, आत जेवणावळ चालू असते.

हे आईने पडवीतून ऐकलं आणि सूत्रं हातात घेतली. सात बाळंतपणं तिने या घरात निस्तरली आहेत. "आल्या आल्या पाणी ओतू नकोस, आधी निवू दे तिला," ही तिची पहिली आज्ञा. पुस्तिकेतही तेच होतं, फक्त क्रियापदाशिवाय. मी मात्र शहाणपणा करून भाच्याचं प्रेशरने पाणी मारायचं यंत्र काढलं. गाडी आरशासारखी झाली. आठ दिवसांनी पुढचं डावं चाक कण्हायला लागलं. जोराच्या धारेने पाणी सीलमधून बेअरिंगमध्ये शिरलं होतं आणि तिथलं ग्रीस गेलं होतं वाहून. तेव्हापासून आंघोळ तांब्याने. चाकांच्या मध्याला हळू, बुडाला भरपूर, आणि नंतर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून अंग सुकवणं. आईचं म्हणणं, शेगडीची धुरी दिली तर आणखी बरं. पेट्रोलच्या टाकीमुळे तो विषय मी हाणून पाडला.

आंघोळीनंतर तेल आलंच. उघड्या नटांना, स्प्रिंगांना तेलाचा हात फिरवायचा म्हणजे गंज धरत नाही, हे मी आईला सांगितलं ही चूक माझी. एका रात्रीत गंज धरलेली एक गोल चकती तिला चाकाशी दिसली. "किती गो हाल झालेत हिचे," म्हणत तिने त्या चकतीला घाण्यावरचं खोबरेल दोन्ही बाजूंनी चोळून चोळून जिरवलं.

ती ब्रेकची डिस्क होती.

सकाळी मी रिकामे क्रेट मागे बांधून उताराला लागलो. ब्रेक दाबला. गाडीने खोबरेलाचा मंद सुवास सोडला आणि वेग वाढवला. पायरीचा आंबा गेला, विहीर गेली, रहाटाचा जुना खांब गेला. शेजारचे भाऊकाका दात घासत होते, त्यांनी हात केला. मीही सवयीने हात केला, म्हणजे हँडलवर एकच राहिला. खताच्या खड्ड्याने मला प्रेमाने पोटात घेतलं. डिस्क पुसून स्वच्छ झाली, पण तिला दोन्हीकडून चिमटीत धरणाऱ्या पॅडमध्ये तेल मुरलं होतं. पॅड नवी घालावी लागली. मी मात्र तीन आंघोळींत निघालो.

एअर फिल्टरची गोष्ट घरात अजून मोठ्याने काढता येत नाही. हा फिल्टर म्हणजे फोमचा एक काळा बोळा. इंजिनच्या नाकात धूळ जाऊ नये म्हणून बसवलेला. जांभ्याची लाल धूळ मेमध्ये इतकी बारीक होते की बंद कपाटातल्या शालूवर बसते, तर फोमची काय कथा. तो रॉकेलने धुवायचा, मग साबणाने, पिळायचा नाही, नुसता दाबायचा (पिळला की फाटतो), सावलीत वाळवायचा आणि मग थोडं तेल पाजून परत घालायचा. रेशनचं रॉकेल बंद झालं, म्हणून मी डिझेल वापरलं. आता मेमध्ये आमच्या खळ्यात सावली कुठे? एकाच ठिकाणी. बाजेखाली. बाजेवर बायकोची आमसुलं वाळत होती. कोकमाच्या साली रसाचं पुट देऊन देऊन, चार दिवसांची मेहनत. मी फिल्टर अलगद खाली सरकवला. वाफ वर जाते हे मी चौथीत शिकलो होतो, पण परीक्षेनंतर विसरलो होतो.

पुढच्या महिन्यात व्याही जेवायला आले. सोलकढीचा एक घोट घेऊन ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "वेगळीच चव आहे. ताकद येते अंगात."

बायको त्यांच्यासमोर काही बोलली नाही. नंतरही बोलली नाही. पाच दिवस.

टायरच्या हवेचं वेगळंच. टायरच्या कडेला 4 पीएसआय असं कोरलेलं आहे. नाक्यावरचा पंक्चरवाला पोरगा स्कूटरवर छोटा कॉम्प्रेसर बांधून घरी येतो, त्याने ते वाचलं आणि मला धीर दिला, "काका, छापताना शून्य राहिलं असेल. सायकललाही याच्यापेक्षा जास्त लागते." आम्ही दोघांनी मिळून कारखान्याची चूक दुरुस्त केली. अगदी 40 नको, म्हणून 30 भरली. टायर सत्यनारायणाच्या फुग्यासारखे टम्म झाले. त्या दिवशी वाडीतून वर येताना गाडी प्रत्येक दगडावरून नुकत्या सोडलेल्या वासरासारखी उडत होती आणि मागच्या क्रेटमधले हापूस एकेक करून वाटेला लागत होते. घरी पोचलो तेव्हा क्रेटमध्ये पेंढाच होता. असल्या गाडीत अर्धं स्प्रिंगचं काम टायरच करतो, म्हणून तो मऊच हवा, हे ज्ञान मला अठ्ठावीस आंब्यांना पडलं. शिवाय डाव्या-उजव्या टायरमध्ये थोडा फरक पडला तरी गाडी एकीकडे ओढते. साध्या मीटरचा काटा 4 पीएसआयला हलतच नाही, कमी दाबाचं वेगळं मीटर लागतं. ते मी मागवलं. पण ते येईपर्यंत आईने अंगठ्याने टायर दाबून निकाल दिला होता, "पाडाला लागलेल्या आंब्याइतका हवा. हा अजून कच्चा आहे, सोड थोडी." मीटर आल्यावर मोजलं. साडेचार होतं.

साखळीलाही मी भक्तिभावाने ग्रीस थापलं होतं. त्यात वाळू बसली. ग्रीस अधिक वाळू म्हणजे पाट्यावरचं वाटण. दात झिजून गेले. आता पुसून पातळ तेलाचा हात, बास.

पण खरा प्रसंग झाला तो दुसऱ्या वर्षी, दसऱ्याला. पावसाळ्यात गाडी जांभ्याच्या चार चिऱ्यांवर चढवून ठेवली होती, टायर जमिनीला टेकून चपटू नयेत म्हणून. बॅटरीची तार सोडवली होती. प्लास्टिकऐवजी जुनी गोधडी पांघरली होती, कारण प्लास्टिकखाली घाम धरतो. (त्या गोधडीचा कापूस उंदरांनी नेऊन एअर फिल्टरच्या डब्यात सुबक घर बांधलं, पण ती तक्रार मी गिळली. घर खरंच सुबक होतं.) सगळं केलं, एक गोष्ट राहिली: कार्बोरेटरच्या (इंजिनला पेट्रोल आणि हवा कालवून भरवणारा तो) तळाच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाकायचं. चार महिन्यांत त्यातलं पातळ ते उडून गेलं आणि मागे काकवीसारखा चिकटा उरला. हार घातला, लिंबू ठेवलं, किक मारली. भाऊकाकांनी मारली. तांडेलाने मारली. गाडी खोकलीसुद्धा नाही.

कार्बोरेटर उघडला. त्यात एक जेट असतो, ज्वारीच्या दाण्याहून जरासा लांब, पितळेचा, आणि त्याला आरपार भोक, सुईच्या टोकानेही लाजावं असं. ते बुजलं की गाडी संपली. मी तो जेट काढला, उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला, आणि फुंकर मारली. फुंकर माझ्या अंदाजापेक्षा जोरात निघाली.

खळं नुकतंच सारवलेलं होतं. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, लोहचुंबक फिरवा." मी जुन्या स्पीकरचा चुंबक सुतळीला बांधून तासभर खळ्यात कुत्रं फिरवावं तसा फिरवला. तीन पिढ्यांचे खिळे निघाले, आजोबांच्या वहाणेची नाल निघाली, एक किल्ली निघाली, ती कशाची हे अजून कळलेलं नाही. मग तांडेलाने शांतपणे विचारलं, "काका, पितळ चुंबकाला लागतं काय हो?"

तेवढ्यात नातू म्हणाला, "आजोबा, लाल कोंबडीने काहीतरी चमकणारं टिपलं." कोंबडी पोटातलं दळण दळायला खडे गिळते, हे सगळ्यांनाच ठाऊक. तिला ताबडतोब डालग्याखाली स्थानबद्ध केलं. भाऊकाका म्हणाले, "काळजी कशाला करतोस? रविवारी रश्श्यात सापडेल." ते त्या दिवसापासून फारच आपुलकीने चौकशीला यायला लागले, येताना कांदे घेऊन. दोन दिवस घरातल्या एका सुशिक्षित माणसावर जे काम होतं ते मी लिहीत नाही. पहारा म्हणू या.

तिसऱ्या दिवशी आईने खळं झाडलं, केर सुपात घेतला आणि उंबऱ्यात बसून पाखडला. फोलपट उडालं, माती उडाली, सुपाच्या कडेला चार खडे राहिले. त्यातला एक पिवळा होता. "हे का रे तुझं रत्न?" तिने विचारलं. कोंबडीची निर्दोष सुटका झाली. भाऊकाका कांदे परत घेऊन गेले.

आता दर वर्षी मेअखेर मी पेट्रोलची चावी बंद करतो, वाटीखालचा स्क्रू सैल करून शेवटचा थेंब गाळतो, आणि आई शेजारी सूप घेऊन उभी राहते. गरज नसते. पण राहते.

गेल्या महिन्यात भाच्याने एक गिऱ्हाईक पाठवलं. गुहागरकडचे गृहस्थ, नवीन फार्महाउस, अंगाला अत्तर. गाडी पाहून ते थक्कच झाले. चौकटीला गंज नाही, साखळी वाजत नाही, किक एकदाच. "चाललीय किती?" त्यांनी विचारलं. आमचा हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयात असतो, दुधाच्या खाली. बायकोने बेरीज केली: या वर्षी चालवली अकरा तास. धुणं, पुसणं, तेल, ग्रीस, हवा आणि शोधाशोध मिळून एकशे चाळीस. गृहस्थ खूश झाले, खिशातून पाकीट काढायला लागले.

तेव्हा आई पुढे झाली. त्यांना खुर्ची दिली, पन्हं दिलं आणि बसली समोर. घर समुद्रापासून किती लांब? गाडीला पडवी आहे की उघड्यावर? घरात वडीलधारं कोण? गृहस्थ मुलगी बघायला आल्यासारखे हात गुडघ्यांवर ठेवून उत्तरं देत होते.

"आणि पाणी?" आईने विचारलं.

"बोअर मारलीय ना. भरपूर आहे. जरासं मचूळ लागतं, पण धुण्या-पुसायला चालतं."

आईने त्यांच्या हातातला पन्ह्याचा पेला घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि आत जाता जाता म्हणाली, "पत्रिका जुळत नाही म्हणून सांग त्यांना."

ते गेल्यावर मी विहिरीवर बादली लावली. त्यांना दाखवायला म्हणून गाडी खळ्यात एक चक्कर मारून आली होती, आणि दुपारपासून वारा समुद्राकडचा होता.